हेळव्याच्या वहीतलं नाव

अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला कधी नीट कळलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही निजामाच्या अमलात. मास्तर चार दिवस शाळेत, तर चार दिवस आपल्या गावाला. पुढं लिहायचा प्रसंग आला तो माहेरी खुशालीचं कार्ड टाकण्यापुरता. ही वही शांताची, माझ्या मुलीची. ती सासरी गेली आणि वहीची मागची पानं कोरी राहिली. कोणाला दाखवायला लिहीत नाही. चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर त्यानं अक्षराला हसू नये, एवढंच.

सुगी आली आहे. खळं सारवून झालं, सकाळपासून कणसं खुडतो आहोत. ज्वारीची कूस अंगाला लागली की मानेवर, कोपराच्या लवणीत चावत राहते. पूर्वी अंगावर दोन तांबे पाणी घेतलं की मी ती विसरायची. आता विसरत नाही. पाठ भरून येते, बोटांची टोकं फुटतात, आणि कडब्याच्या पेंढ्या दर साली जरा जास्त जड होतात. दुपारी बांधावर भाकरी सोडून बसलो होतो, तेवढ्यात मुरुमच्या वाटेनं घंटा ऐकू आली. बैलाच्या गळ्यातली नव्हे. त्याहून मोठी, हातानं वाजवायची. माझा घास हातातच राहिला. हे म्हणाले, "हेळवी आला वाटतं." 'हे' म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव काही मी लिहायची नाही.

हेळवी म्हणजे कुळं सांगणारा. सुगीत बैलावर बसून येतो, ओसरीपुढं घंटा वाजवतो आणि त्या घराच्या सात-सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतो. कोण कोणाचा, कोण कुठून आला, कोणाचा वेल कुठं वाढला. जवळ जाडजूड वही असते, तीत नवी नावं चढवतो. पायलीभर ज्वारी घेतो आणि पुढच्या घराला जातो. आमच्या भागात त्याचा मोठा मान. ज्याच्या दारात हेळवी थांबतो त्या घराला मूळ आहे, असं गाव समजतं.

आमच्या दारात तो कधी थांबलेला नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. शेजारच्या ओसरीवरून उतरायचा, आमच्या दारावरून मान खाली घालून जायचा आणि पलीकडच्या घरापुढं घंटा वाजवायचा. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. नव्या सुनेला काय, एक पाहुणा कमी आला तर एक चूल कमी पेटते.

माणूस आपलं मूळ शोधायला कशापायी निघतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हौसेनं निघणारा मी अजून पाहिला नाही. पोलिस ॲक्शननंतर जमिनीची नवी कागदपत्रं झाली, तेव्हा तलाठ्यानं बापाचं नाव, आज्याचं नाव विचारलं आणि गावातले निम्मे लोक आपापल्या म्हाताऱ्यांकडं धावले. कोणाला वाटणी हवी असते, कोणाला दत्तक घ्यायचं असतं. काहीतरी अडतं, तेव्हाच माणूस मागं वळून बघतो. आणि तोवर सांगणारा बहुतेक गेलेला असतो. तो जिवंत असतो तेव्हा आपण त्याच्या पुढ्यात ताट सरकवतो आणि निघून येतो.

आमचं अडलं ते शांताच्या लग्नात. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या साली, माघात, उमरग्याकडचे पाहुणे तिला बघायला आले. घर चांगलं, मुलगा शेतात राबणारा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. मुलाच्या वडिलांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "देण्याघेण्याचं काय अडत न्हाय. पर तुमचं मूळ गाव कुठलं?"

"हेच की," हे म्हणाले.

"हे कसं? तुमचा आज्जा इथं येऊन ऱ्हायला म्हणत्यात. आला कुठनं?"

हे पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले.

"राग मानू नका. मांडवात पोरीकडनं भावकी म्हणून कोण हुबं ऱ्हाणार? आमच्यात चार माणसं इचारणार. बिनबुडाच्या घरातली पोर आणली म्हणणार. तुमी मूळ हुडका, मग बोलू."

मी दाराआड उभी होते. शांता माझ्या मागं. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मुलगा तिला आवडला होता. मला ते न सांगता कळलं होतं. हे लग्न मोडलं तर पुढचे पाहुणेही हाच प्रश्न विचारणार, हेही कळलं होतं.

बातमी माझ्या घागरीच्या आधी आडावर पोचली. शेजारची गंगूबाई माझ्या देखत म्हणाली, "दगडूच्या घराला मूळ हुडकत्यात म्हणं. दगडाला कुठं मुळ्या फुटत्यात व्हय?" सगळ्या हसल्या. मीही थोडी हसले. मला उत्तर सुचतं ते घागर घरी उतरवल्यावर.

दगडू हे माझ्या सासऱ्यांचं नाव. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही, कागदावर आज पहिल्यांदा लिहिते आहे. ते वारले तोवर पंधरा वर्षं मी त्यांचं ताट वाढलं. ते समोर असले की पदर पुढं ओढायचा, काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं. दगड म्हणायचं झालं तरी मी धोंडा म्हणायची, त्यात त्यांचं नाव येतं म्हणून. त्यांना मूळ गाव विचारायचं माझ्या मनात येणं शक्यच नव्हतं. आणि यांच्या मनात आलं नाही. बापाला असलं काय विचारायचं, असं यांचं म्हणणं.

त्याच सुगीत हेळवी गावात आला. सिद्धाप्पा त्याचं नाव. पांढऱ्या मिशा, निम्मं मराठी, निम्मं कानडी. गंगूबाईच्या ओसरीवरून उतरून तो आमच्या दारावरून निघाला होता. हे खळ्यावर, शांता कडबा बांधायला गेलेली. मी उंबऱ्यात उभी होते. परक्या पुरुषाला मी आजवर स्वतःहून हाक मारलेली नव्हती. मी सूप हातात घेतलं, त्यात ज्वारी भरली आणि ते सूप वाटेच्या मधोमध नेऊन ठेवलं.

बैल थांबला. ज्वारी दिसल्यावर बैल थांबणारच.

"काय अक्का?" सिद्धाप्पा म्हणाला. "तुमचं कूळ माझ्याकडं न्हाय."

"बघा तरी," मी म्हणाले. एवढंच बोलता आलं.

त्यानं आडनाव विचारलं. ते सांगितलं. "आडनावाचे लई हायत," तो म्हणाला. "सासऱ्याचं नाव सांगा, त्याच्या बापाचं सांगा."

आता आली का पंचाईत. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. त्याला कळलं, तो हसला. "घरात कोण न्हाय व्हय नाव घेणारं?" मी काटकी उचलली आणि धुळीत लिहिलं. दगडू. खाली लिहिलं, रामा. आजेसासऱ्यांचं नाव तेवढं जुन्या उर्दू कागदात होतं, 'वल्द रामा' म्हणून, ते मला माहीत होतं. सिद्धाप्पा बैलावरून वाकून एकेक अक्षर लावत बसला. मग म्हणाला, "लिवायला येतंय की अक्काला!" आणि खाली उतरला. वही सोडली. बराच वेळ पानं उलटली. माझं लक्ष वाटेवर. कोणी बघत तर नाही ना?

"रामा तर घरटी एक हाय," तो शेवटी म्हणाला. "पर रामाचा दगडू एकबी न्हाय. हे कूळ माझं न्हाय, अक्का." त्यानं सुपातली ज्वारी घेतली नाही. "न सांगता कसं घेऊ?" म्हणाला. होळीपर्यंत त्याचं पाल मुरुमच्या माळावर होतं. त्याच्या आत काही कळलं तर या, एवढं सांगून तो गेला. मी पायानं धुळीतली नावं पुसली. मग वाटलं, पायानं पुसायला नको होती.

यांच्या एक आत्या होत्या, सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, तामलवाडीला दिलेल्या. सत्तरीच्या घरातल्या. त्यांना विचारावं हे मला त्या संध्याकाळी भाकरी थापताना सुचलं. "सुगीत कोण जातंय का तिकडं?" हे म्हणाले. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "चल बाई. तुझ्या न बोलण्याचं लई ओझं होतंय."

आत्याबाई अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. बोटं तपकिरी, चिकट. आम्हाला बघून उठल्या नाहीत, बोटांकडं बघून म्हणाल्या, "पाया पडू नका, आशीर्वाद आंबट लागंल." मी त्यांच्याजवळ बसून चिंचा फोडायला लागले. हातात काम असलं की मला विचारता येतं. मी सगळं सांगितलं, हेळव्याचं आणि धुळीतल्या नावांचं.

"दगडू?" आत्याबाई म्हणाल्या. "अगं, ते हाकेचं नाव. खरं नाव मल्हारी. आज्ज्याचं नाव ठिवलेलं. पर आईनं हाक कशी मारायची? सासऱ्याचं नाव घिऊन 'ये रं मेल्या' म्हणाय येतंय व्हय?" आणि खो खो हसल्या. "मग आई म्हणाली दगडू. शेजारी म्हणाले दगडू. तलाठ्यानं लिवलं दगडू. म्या लेक, मला आज्ज्याचं नाव घ्यायला कोण आडवतंय? पर म्या लग्न होऊन गेले, मग त्याला मल्हारी म्हणणारं कोणच ऱ्हायलं न्हाय."

हे चुळबुळ करत म्हणाले, "आण्णांना तरी ठावं होतं का?" आण्णा म्हणजे यांचे वडील.

"असंल, नसंल. गाव सुटलं तवा तीन वर्साचं पोर होतं. हाक मारंल त्याला वळायचं."

माझे हात थांबले. पंधरा वर्षं ज्या नावाला मी ओठावर येऊ दिलं नाही, ते त्यांचं नव्हतंच. आणि जे होतं ते मी खंडोबाच्या आरतीत दर रविवारी मोठ्यानं म्हणत आले होते. त्यांच्या देखत. त्यांनी कधी मान वर केली नाही. अजून आठवलं की मी एकटीच हसते, आणि हसून झालं की जीव थकल्यासारखा होतो. एवढं जपायचं आणि भलतंच जपायचं.

मूळ गावाचं नाव आत्याबाईंना येत नव्हतं. सहा वर्षांच्या होत्या तेव्हा. "रानात महादेव होता," त्या म्हणाल्या, "खाली दरीत. डोंगरावरनं पाणी पडायचं. माकडं लई. आणि एक बाजाराचा दिस याद हाय. लई दुष्काळ पडलेला. बापानं बैलजोडी इकायला नेली, आई न् आमीबी संगट. बैल इकले आणि बापानं गूळफुटाणे आणले. पोट फुटंस्तवर खाल्लं बग. मल्हारी तर खाता खाता झोपला. तितनं जे चालाय लागलो ते ह्या मुलखात आलो. माघारी घरी गेलोच न्हाय."

"का?" मी विचारलं.

"पोरांना कोण सांगतंय? मला वाटलं, बाजारच लांबला."

मुरुमच्या माळावर सिद्धाप्पाला मी कागद दिला. या खेपेला शाईनं लिहून नेला होता. मल्हारी, त्याचा रामा, रामाचा मल्हारी. खाली दरीतला महादेव लिहिला. त्यानं वाचलं आणि वही न उघडताच डोळे मिटून म्हणायला लागला. आमच्याआधीच्या पाच पिढ्या त्या माळावर वाऱ्यात म्हटल्या गेल्या. हे डोक्यावरचा पटका काढून हातात धरून उभे राहिले. मग सिद्धाप्पानं वही उघडून बोट ठेवलं. "मल्हारीची दोन पोरं, लक्ष्मण आणि रामा. लक्ष्मणाचा वेल हाय, येडशीजवळच्या गावात, त्या महादेवाच्या दरीला लागून. रामाचा एक मल्हारी. पुढं लिवलंय, रामा गेला. वेल न्हाय."

"गेला म्हणजे?" मी विचारलं.

"गाव सोडून गेला का जग सोडून, हेळवी एकच लिवतो अक्का."

"आता जोडा की मग वेल," हे म्हणाले.

"तसं न्हाय मालक. मूळ घरानं व्हय म्हटलं तरच जोडायचा. माझ्या मनानं म्या पान बी लावू शकत न्हाय."

त्या वहीत आत्याबाईंचं नाव नाही. लेकींची नावं हेळवी लिहीत नाही. त्या दुसऱ्याच्या वेलावर जातात आणि तिथं त्यांचं नाव कोणी घेत नाही. ज्या नावावाचून वही मुकी झाली होती ते नाव मात्र वहीत नसलेल्या बाईपाशी होतं. त्यांचं नाव सोनाबाई. इथं लिहून ठेवते.

पाडव्यानंतर आम्ही येडशीला गेलो. धाराशिवपर्यंत मोटार, पुढं दुसरी, मग पायी. उन्हानं वाट पांढरी पडली होती. हे वाटेत एकदाच बोलले, "काय म्हणून सांगायचं आपण?" मला ठाऊक असतं तर मी तरी सांगितलं असतं.

लक्ष्मणाच्या घरी आता त्याची सून होती, म्हणजे माझी चुलतसासू. भागीरथीबाई. नवरा वारलेला, मुलगा बाबू शेत बघायचा. बाई दारात वाकळ शिवत बसल्या होत्या. हे सांगत होते तोवर त्यांची सुई चालू राहिली. रामाचं नाव आलं तशी थांबली.

"मेला असता तर माफ केलं असतं," त्या म्हणाल्या. "तिकडं पूर्वेला जित्ता हाय, जमीन कसतोय म्हणून कळलं, तवापासनं राग हाय ह्या घरात."

मग त्यांनी सांगितलं. बैलजोडी दोघा भावांची होती. दुष्काळात वैरण नाही म्हणून विकायची ठरली. धाकटा बाजारात घेऊन गेला. पैसे आणून निम्मे निम्मे करायचे, पाऊस पडला की एक तरी बैल घ्यायचा. धाकटा आलाच नाही. पाऊस आला, बैल नव्हता. "माझ्या सासूनं जू खांद्यावर घेतलं. एका बाजूला ती, एका बाजूला सासरा. म्या लग्न होऊन आले तवा तिच्या खांद्याला घट्टा होता, बैलाला असतोय तसा. म्या त्याला तेल लावायची. हात लावला की अजून दुखतंय म्हणायची."

मी यांच्याकडं बघितलं. मला गूळफुटाणे आठवत होते. यांनाही तेच आठवत असावं. यांनी तोंड फिरवलं.

"काय पायजे तुमाला?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"पोरीच्या मांडवात हुबं ऱ्हावा," हे म्हणाले.

"कोण म्हणून?"

"भावकी म्हणून."

"भावकी बैल देती. घिऊन पळत न्हाय." त्यांनी दोरा दातानं तोडला. "आमचा बैल आणा. मग येते."

बाबू म्हणाला, "आई, साठ वर्सं झाली."

"मग म्हातारा झाला आसंल. तरी चालंल."

बाबूला हसू फुटलं. मलाही आलं असतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. गावातली दोन वडील माणसं बोलावली, त्यांनी आजच्या बाजारभावानं मध्यम बैलाचे दोनशे रुपये ठरवले. आम्हाला पाणी दिलं. गूळ दिला नाही. तांब्या घेताना मी त्यांचा हात बघितला, सुईनं टोचून टोचून बोटं काळी झालेली. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग यायला पाहिजे होता. आला नाही.

उमरग्याच्या पाहुण्यांना यांनी सगळं खरं सांगितलं. मला भीती होती, आता लग्न मोडणार. मुलाच्या वडिलांनी पान खाऊन संपवलं आणि म्हणाले, "चोर का हुईना, मूळ हाय म्हणायचं. पुढच्या वैशाखापतूर थांबतो. त्याच्यापुढं घरची मंडळी मला थांबू देणार न्हाईत. तवर त्यांना मांडवात आणा."

ते वर्ष कसं गेलं ते सविस्तर लिहायचं बळ नाही. त्या साली आमच्या शिवारातून नवी सडक चालली होती. पेरणी झाली की आम्ही दोघं खडी फोडायला जायचो. बारकी खडी फोडताना कपची उडून डोळ्यात जाते, म्हणून डोळे अर्धे मिटून काम करायचं. दिवसभर तसे मिटून घरी आले की दिवा सुद्धा अर्धाच दिसायचा. घरची कालवड विकली. शांता तिला दाव्यानं धरून वेशीपर्यंत गेली आणि परत येऊन म्हणाली, "आई, माझ्या लग्नासाठी मेलेल्या बैलाचे पैसे फेडता व्हय गं?" "व्हय," मी म्हणाले. "मग त्याला एखादं नाव तरी ठेवा," ती म्हणाली. तिनंच त्याला 'पाहुण्या' म्हणायला सुरुवात केली. आज पाहुण्याचे किती झाले? पाहुण्याचं शेपूट फिटलं का? थकून आलो की ती असं काहीतरी बोलायची आणि आम्ही हसायचो.

दिवाळीला निम्मे पैसे नेऊन दिले. भागीरथीबाईंनी ते घेतले आणि म्हणाल्या, "मागचे दोन पाय झाले." बस्स.

पौषात हे खचले. अंगात ताप, हाताला फोड. खडीच्या ढिगावर बसून म्हणाले, "कोणाचं पाप आन् कोण फेडतंय. आज्जा माझा, पर म्या त्याला बघितलं बी न्हाय. सोड. पोरीला दुसरं ठिकाण बघू. बिजवर बघू." मी आयुष्यात यांना उलटून बोलले नव्हते. खडीकडं बघत म्हणाले, "ते गूळफुटाणे कोणी खाल्ले?"

यांनी हातातली खडी खाली टाकली.

"आण्णांनी खाल्ले. तीन वर्षांचे होते. खाल्ले म्हणून जगले. ते जगले म्हणून तुम्ही झालात, शांता झाली." एवढं लांब बोलून मला धाप लागली. "आपण सगळे त्या बैलावरच जगलोय."

यांनी हातोडा उचलला.

मूळ शोधायला निघाले तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी मोठं सापडेल. एखादा पाटील, एखादा भक्त, निदान एखादी विहीर बांधणारा. गावातल्या दुसऱ्या घरांच्या वेलात तसे असतात, हेळवी ते मोठ्या आवाजात म्हणतो. आमच्या वेलात निघाला एक भुकेला माणूस, दोन पोरांचा बाप, आणि त्याच्यापायी खांद्याला घट्टा पडलेली एक बाई. पण हात लावून बघता येईल असं तेवढंच सापडलं. बाकी नुसती नावं.

त्या सालच्या सुगीत मळणी लवकर उरकली. रास घरात न आणता खळ्यावरूनच व्यापाऱ्याला दिली. शांताचं लग्न वैशाखात, पंधरा दिवसांवर. आम्ही दोघं पुन्हा येडशीच्या वाटेनं चालत गेलो. वाट आता ओळखीची झाली होती. एका वळणावर हे थांबले, सदऱ्याच्या आतल्या खिशावर हात ठेवला, पैसे आहेत का बघितलं, पुन्हा चालायला लागले.

भागीरथीबाई दारातच होत्या. यांनी नोटा त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी मोजल्या नाहीत, बाबूकडं सरकवल्या. बाबूनं मोजल्या आणि मान हलवली.

"फिटलं," त्या म्हणाल्या.

मग त्या आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणि वाटीत गूळ घेऊन आल्या. वाटी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हेळवी आला की सांगते त्याला, जोड म्हणून. आन् हे बगा. तुमच्यात कोण गेलं तर कळवत जावा. आमी दहा दिस सुतक धरू. आमच्यातलं तुमी धरा."

"आई!" बाबू ओरडला. "पंधरा दिसांवर लगीन हाय त्यांच्या घरी. आसलं बोलतंय का कोण?"

"म्हणूनच सांगते," त्या म्हणाल्या. "लग्नाला काय, कोणबी येतंय."

हे उंबऱ्यावर बसले. आधीच्या दोन्ही खेपांना बाहेरच्या पायरीवर बसले होते. दोनशे रुपये पुरे फिटले होते, आणि आज दुपारी ऐकली ती त्यानंतरची हेळव्याची पहिली घंटा.